मदत हवी आहे: अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये इसुझू १.८ बसवलं, प्रोपेलर शाफ्टचा कोन जुळेना

नमस्कार मंडळी, लातूरहून लिहितोय. घरची मार्क ४ अ‍ॅम्बॅसॅडर आहे, जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन पार संपलं होतं म्हणून भंगारातल्या कॉन्टेसाचं १८१७ सीसीचं इसुझू आणि त्याचाच पाच गिअरचा बॉक्स टाकलाय. इंजिन बदलायची आरटीओची कलम ५२ ची परवानगी घेतलीय, कागदाचं काही नाही. इंजिन लई गोड चालतंय. प्रश्न मागं आहे.

औसा रोडला ६५ च्या पुढं गेलं की सीटखालून थरथर सुरू होती अन् ८० पर्यंत वाढतच जाती. न्यूट्रल करून गाडी तशीच पळू दिली तरी थरथर ऱ्हाती, म्हणजे इंजिनचा संबंध नाही. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सची ताकद मागच्या ॲक्सलला नेणारा दांडा) कापून नव्या मापाचा केला, बॅलन्सिंग करून आणलाय, दोन्ही क्रॉस (टोकांचे वाकणारे सांधे) नवीन, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत, चाकं पण बॅलन्स आहेत.

मग डिजिटल अँगल मीटर घेऊन पिटवर मापं घेतली, गाडी चारी चाकांवर उभी, जॅकवर नाही, कारण जॅकवर पाटे लोंबतात अन् सगळेच आकडे खोटे येतात. इंजिन-गिअरबॉक्स मागच्या बाजूला ५ अंश खाली झुकलंय (सम्प, म्हणजे इंजिनखालची ऑइलची टाकी, चासीच्या आडव्या क्रॉसमेंबरला घासत होती म्हणून इंजिनचं पुढचं माउंटिंग उंच करावं लागलं). शाफ्ट मागं २ अंश खाली. पिनियनचं (मागच्या ॲक्सलमधला गिअर, ज्याला शाफ्ट जोडतो) नाक १ अंश वर. म्हणजे पुढच्या क्रॉसला ३ अंश अन् मागच्याला फक्त १. वरून बघितलं तर इंजिन १५ मिमी डावीकडं सरकलंय पण पिनियनला समांतर आहे.

आमचे मिस्त्री म्हणतात गिअरबॉक्सची शेपूट उचलून शाफ्ट अन् इंजिन एका सरळ रेषेत आण, क्रॉसला त्रासच नको. मला ते पटंना. माझ्या हिशोबानं इंजिनच्या पुढच्या अन् गिअरबॉक्सच्या मागच्या माउंटिंगमधलं अंतर ८०० मिमी आहे म्हणजे १ अंशाला साधारण १४ मिमी पॅकिंग लागतं. तर गिअरबॉक्सखाली पॅकिंग देऊ का मागं पाट्यांवर पाचर टाकू? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सांगा, ही गाडी मला रोज वापरायचीय.

प्रतिसाद:
दादा, तुमचं बरोबर आहे, सरळ रेषेत अजिबात आणू नका. क्रॉस थोडा तरी हलला पाहिजे, नाहीतर आतल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी दाबून खड्डे पाडतात. कमीत कमी अर्धा-एक अंश ठेवा, जास्तीत जास्त ३ च्या आसपास. क्रॉस कोनात फिरला की शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त होतो, अन् कोन दुप्पट झाला की तो झटका जवळपास चौपट होतो. पुढचा क्रॉस जे बिघडवतो ते मागच्यानं तेवढ्याच कोनात उलटं वाकून फेडायचं असतं, म्हणून गिअरबॉक्स अन् पिनियन समांतर पाहिजेत. तुमच्याकडं ५ अन् १ आहे, थरथर तिथूनच येयलीय.

दोन्ही थोडंथोडं करा. गिअरबॉक्सखाली ७ मिमी पॅकिंग, म्हणजे इंजिन साडेचारवर. मागं अडीच अंशाची पाचर, पिनियन साडेतीनवर. नाक उचललं की शाफ्ट पण जरा सपाट होईल, पावणेदोन-दोनवर. पुढं साधारण पावणेतीन, मागं पावणेदोन. मागं एक अंश मुद्दाम कमी ठेवायचा कारण ॲक्सिलरेटर दाबला की पाटे पिळतात अन् नाक आपोआप वर येतं. १५ मिमीचं टेन्शन सोडा, समांतर आहे ना, १२०० मिमीच्या शाफ्टवर तो पाऊण अंश पण होत नाही.

धागाकर्ता:
लई आभार भाऊ, आकड्यात सांगितलं म्हणून डोक्यात बसलं. पाचरीची जाड बाजू कुठं ठेवायची?

प्रतिसाद:
हाउसिंग (मागच्या ॲक्सलचं कवच) पाट्याच्या वर बसलं असेल तर जाड बाजू पुढं, पाट्याच्या खाली असेल तर मागं. पाचर लोखंडी घ्या, ॲल्युमिनियमची चेपती. पाट्यांचा सेंटर बोल्ट लांब लागेल, यू बोल्टचे आटे पुरतात का ते आधी बघा. अन् पाचर टाकून झाल्यावर शाफ्टची पुढची स्प्लाइन (आतबाहेर सरकणारं खाचांचं टोक) गिअरबॉक्समध्ये किती आत ऱ्हाती तेही मोजा, गाडी खाली बसली की तिला आत सरकायला जागा पाहिजे.