जागलीची मच्छरदाणी

निखिल (पुणे): काका, मोठेबाबांचा रिपोर्ट?

दिलीपकाका: फॅल्सिपेरम मलेरिया निघाला. आशाताईनं बोटातून रक्त घेऊन किटवर तिथंच सांगितलं. तीन दिवसांच्या गोळ्या सुरू.

निखिल: पण घरी औषधाची मच्छरदाणी आहे ना? सरकारी?

दिलीपकाका: आहे की. ती घरी खाटेवर, अन् दादा महिनाभर धानाच्या बांधीवर जागलीला, रात्रीच्या राखणीला. धान निसवलाय, रानडुकरं एका रात्रीत मातेरं करतात.

मोठीआई: फवारणीवालेही येऊन गेले होते. नंतर पोळ्याला मीच भिंती सारवल्या. औषध मातीखाली गेलं 🤦

निखिल: बांधीतलं पाणी आठवड्यातून एक दिवस सोडून द्या ना. अळ्या मरतील. आमच्या सोसायटीत कोरडा दिवस पाळतात.

दिलीपकाका: तुमच्या टाकीला नळ आहे बापू. आपल्या बांधीला वरचाच पाऊस. सोडलेलं पाणी परत कोण भरून देईल? वडसा-आरमोरीकडे इटियाडोहचा कालवा आहे, तिथं एक वेळ जमेल. तेही शेजारच्यांनी सोबतच पाणी तोडलं तर.

प्राचीताई: आणि आता सोडून फारसा उपयोगही नाही. मलेरिया पसरवणाऱ्या क्युलिसिफेसीस डासाला उन्हातलं उघडं पाणी लागतं. रोवणा (लावणी) झाल्या झाल्या बांधी त्याच्या सोयीची असते, धान वाढून सावली पडली की अळ्या कमी होतात. मचाण कुठं आहे?

दिलीपकाका: नाल्याला लागून.

प्राचीताई: मग मलेरियाचा दुसरा डास, फ्लुव्हिएटिलिसही असू शकतो. तो मुख्यतः संथ वाहत्या नाल्यात वाढतो. घरातली फवारणी तिथं काय करणार?

दिलीपकाका: मे महिन्यात तेंदूपत्त्याला हेच. माणसं जंगलात मुक्कामी, मच्छरदाण्या गावात. वाटप घरटी होतं, माणूस झोपतो कुठं हे कोणी विचारत नाही.

निखिल: मग घरचीच मचाणावर का नाही नेली?

मोठीआई: ती दोन माणसांची. मचाणावर मावत नाही, वाऱ्यानं फडफडते. एकदा काट्यात फाटली, तेव्हापासून नेत नाहीत. आज ताप उतरला तर म्हणतात उद्या जातो 😡

प्राचीताई: अजिबात नाही. आधी गोळ्या पूर्ण.

दिलीपकाका: आज मी जातोय जागलीला.

प्राचीताई: काका, तुम्हीही उघड्यावरच ना?

दिलीपकाका: शेकोटी असते.

प्राचीताई: धुरानं रात्र निघत नाही काका.

निखिल: मी एकट्या माणसाची आणतो, औषधवालीच. मचाणाचं माप पाठवा.

मोठीआई: पाच फूट बाय अडीच. पाय मुडपून झोपतात ते.