थंडीत एसीच्या बाहेरच्या युनिटला कव्हर घालावं का? माझं मत: गोव्यात तरी नको

मिरामारकर:
दिवाळी सरली की आमच्या कॉलनीत बाहेरच्या युनिटांवर निळी ताडपत्री, चेनवाली कव्हरं, काही नाही तर तांदळाच्या गोणी चढतात. "आता फेब्रुवारीपर्यंत एसी लागत नाही, मशीन जपून राहील," म्हणे. मला हे उफराटं वाटतं.

कव्हर ही बर्फाच्या देशांतली सोय. तिथे छपरावरून बर्फाचे सुळके कोसळतात, पानगळ पंख्यात जाते. तिथलेही जाणकार सांगतात, वरची बाजू झाका, चारी बाजू मोकळ्या ठेवा. आपली थंडी म्हणजे पहाटे वीसेक अंश. आपला वैरी मीठ. पावसाळ्यात उघड्या कॉइलवरचं मीठ बऱ्यापैकी धुऊन जातं. नंतर जूनपर्यंत पाऊस जवळजवळ नाहीच, खारा वारा मात्र रोजचा. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की मिठाला पाणी सुटतं, आणि समुद्राकाठच्या पहाटेला तेवढी आर्द्रता सहज असते. तांब्याची नळी, तिच्यावर ॲल्युमिनियमच्या पत्र्या, मध्ये खारं पाणी. यात झिजतं ते ॲल्युमिनियम. हात लावला की पांढरी भुकटी बोटाला लागते ना, ती तीच.

उघडं युनिट उन्हं वर आली की सुकतं. ताडपत्रीखाली ओल तशीच कोंडून राहते. म्हणून म्हणतो, कव्हर नको, महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

कुडचडेकर:
मिरामारचं शास्त्र सगळ्या गोव्याला लावू नका. आमच्याकडे मीठ नाही, लाल धूळ आहे. खाणींचे ट्रक फिरतात ते पाऊस संपल्यावरच. धुळीवर दव पडलं की पत्र्यांच्या फटींत चिखल बसतो, आणि वाळला की नुसत्या नळाला दाद देत नाही. बंद युनिट झाकलं तर बिघडलं कुठे? घासत बसण्यापेक्षा ते बरं.

कळंगुटची_ताई:
थंडीत एसी बंद ठेवणारे कोण हो तुम्ही? नाताळात आमच्या गेस्टहाऊसचे एसी दिवसरात्र धडधडत असतात. चालू युनिटवर कव्हर घालायचं की काय? 😄

वास्को_बोटवाला:
मी सहा-सहा महिने बोटीवर, फ्लॅट बंद. धुणार कोण? इथे तर मिठाच्या जोडीला बंदरावरची कोळशाची पूडही उडत येते. मिरामारकरांचं ऐकायला गोड आहे, पण माणूस घरी असेल तर. माझं कव्हर राहणार.

मेकॅनिक_म्हापसा:
युनिटं उघडायचं रोजचं काम आहे म्हणून बोलतो. बंद फ्लॅटची कव्हरं काढतो तेव्हा आत हमखास उंदराचं घरटं. वायरी कुरतडलेल्या, पीसीबीवर, म्हणजे आतल्या सर्किट बोर्डावर, पाल चिकटून मेलेली. बोटवाले दादा, चेनवालं कव्हर काढाच. वर एक पत्रा टाका, बाजू मोकळ्या ठेवा, जाताना एमसीबी (एसीचा बोर्डावरचा सुरक्षा स्विच) पाडून जा. दुसरी भानगड: मार्चमध्ये लोक कव्हर विसरून एसी लावतात. गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही, कंप्रेसर तापतो, ट्रिप होतो.

पण मिरामारकर, "धुवा" एवढं सांगून सोडू नका. लोक गाडी धुवायचा जेट पंप लावतात आणि पत्र्या आडव्या करून ठेवतात. मग हवाच जात नाही. एमसीबी बंद करा, थोडं थांबा, कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, त्या बाजूला हात घालू नका. तिथे प्लास्टिक गुंडाळा. पंख्याची जाळी काढता आली तर पाणी आतून बाहेर मारा, बाहेरून मारलं तर घाण आणखी आत जाते. झारीसारखी हलकी धार पुरे. ॲसिड मारणाऱ्या सर्व्हिसवाल्याला दारातून परत पाठवा. कॉइल चकचकीत दिसते, पण पत्र्यांवरचा थर खरवडून जातो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, किनाऱ्याजवळच्या विहिरीचं किंवा बोअरचं पाणी आधी जिभेला लावून बघा. मचूळ असेल तर तुम्ही मिठावर मीठच ओतताय. नळाचं पाणी वापरा.

मिरामारकर:
पाण्याचं पटलं. पत्र्याचं मात्र नाही. वर छप्पर टाकलंत की पावसाचं फुकटचं धुणंही गेलं. समुद्राकाठी आडोशाचं लोखंड उघड्यापेक्षा लवकर गंजतं, गॅलरीच्या ग्रिलची आतली बाजू बघा.

मेकॅनिक_म्हापसा:
खरं आहे. पण नारळ डोक्यावर पडण्यापेक्षा गंज परवडला. माडाखाली युनिट असेल तर पत्रा हवाच.

कळंगुटची_ताई:
दरवर्षी "गॅस कमी झालाय, भरून घ्या" सांगतात. तेही मिठामुळेच का?

मेकॅनिक_म्हापसा:
ताई, गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. किनाऱ्यावर बहुतेकदा कॉइल नाहीतर जोड खाल्लेला असतो. आधी गळती शोधायला सांगा, भरायचं नंतर.

कुडचडेकर:
सगळी चर्चा समुद्राभोवतीच फिरतेय. जानेवारीत एकदा ट्रकांच्या रस्त्यावर या, आमच्या युनिटवरून पांढरा रुमाल फिरवा, मग कव्हर काढायला सांगा. चेनवालं काढतो, उंदरांचं ऐकून. पण पुढची बाजू जाळीच्या कापडाने झाकणारच.

मिरामारकर:
जाळीला माझी हरकत नाही, हवा खेळते. फक्त एसी लावायच्या आधी काढा.