बी विंग ग्रुप: दोन ट्रे स्ट्रॉबेरी

देशपांडे काकू, ४०२: काल महाबळेश्वरहून येताना भिलारला थांबलो. दोन ट्रे आणलेत, एक स्वीट चार्ली, एक विंटर डॉन. घरी आम्ही दोघंच. कुणाला हव्यात?

अनघा, १०१: मला मला! पण काकू, गेल्या रविवारी मी बासुंदीत स्ट्रॉबेरी घातली आणि दीड लिटरची बासुंदी फाटली 😭 सासूबाई म्हणाल्या, आता कलाकंद समजून खा.

कुलकर्णी ताई, २०३: गॅसवर असतानाच घातलीस ना? आंबट फळ ते, गरम दुधात गेलं की फाटणारच. बासुंदी फ्रिजमध्ये गार कर. फोडी साखरेत पाच-सात मिनिटं शिजव, त्याही गार कर आणि वाढताना वाटीत वरून घाल. अख्ख्या पातेल्यात नको.

पाटील काका, ३०४: आम्ही गेल्या आठवड्यात बॉक्स घेतला. वर लालबुंद मोठ्या, खाली सगळ्या पांढऱ्या खांद्याच्या. दोन दिवस तांदळात ठेवल्या, तरी ढिम्म.

कुलकर्णी ताई, २०३: काका 😂 तो काय हापूस आहे? स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. रंग थोडा चढेल, गोडी नाही. त्या पांढऱ्या जॅममध्ये ढकला.

निखिल, ५०१: दोन ट्रेमध्ये फरक काय पण? मला सगळ्या सारख्याच लागतात.

कुलकर्णी ताई, २०३: चार्ली गोड, आंबटपणा कमी, पण नाजूक. दोन दिवसांत पाणी सोडते. ती शिजवायचीच नाही. चिरायची, चमचाभर पिठीसाखर भुरभुरवायची, वीस मिनिटं ठेवायची. वाटीच्या तळाशी जो गुलाबी रस सुटतो तो गार क्रीममध्ये ओतायचा. बस्स. विंटर डॉन जरा घट्ट. माझ्या केकच्या ऑर्डरला मी तीच घेते, कापली तरी कड धरून राहते. श्रीखंडालाही चालते.

अनघा, १०१: श्रीखंडात कच्चा गर घालू का?

कुलकर्णी ताई, २०३: नको गं, पळीवाढं होईल. अर्धा किलो चक्क्याला पाव किलो स्ट्रॉबेरी. मिक्सरमधून काढून आटव. उलथनं फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला की बंद. गार झाल्यावरच चक्क्यात. आणि जॅमला कॅमारोसा मिळाली तर बघ, आतपर्यंत लाल असते, रंग छान येतो. लिंबू पिळायला विसरू नकोस, नाहीतर जॅम धरत नाही.

पाटील काका, ३०४: ही चार्ली, डॉन नावं कुठली? महाबळेश्वरची ना?

निखिल, ५०१: आत्ताच शोधलं. दोन्ही वाण फ्लोरिडा विद्यापीठाचे, कॅमारोसा कॅलिफोर्नियाची 😄

पाटील काका, ३०४: म्हणजे आपलं काहीच नाही?

देशपांडे काकू, ४०२: लाल माती आपली, थंडी आपली, राबणारे आपले. २०१० साली महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला जीआय, म्हणजे आपल्या भागाच्या नावाचं भौगोलिक मानांकन मिळालंय, काका. बरं, सहा वाजता या. येताना डबा आणा, पिशवी नको, चेंगरतात. आणि धुवायच्या त्या देठासकट, देठ नंतर काढा, नाहीतर आत पाणी शिरतं.

अनघा, १०१ (रात्री ९.४०): बासुंदी फाटली नाही 🙏 पण वरून घालायला स्ट्रॉबेरी उरल्याच नाहीत. चिरता चिरता सासूबाईंनीच संपवल्या. काकू, अजून आहेत का?

देशपांडे काकू, ४०२: डॉन आहेत वाटीभर. ये, दार उघडंच आहे.