‘सबसिडी’ला मराठीत काय म्हणायचे: अनुदान, माफी, सूट की हमीदर?

प्रश्न
विजेवरच्या इंग्रजी मजकुरात ‘सबसिडी’ हा एकच शब्द छपरावरच्या सौर संचाला, अणुप्रकल्पाला आणि कोळशालाही लावतात. मराठीत सगळीकडे ‘अनुदान’ लिहिले जाते. पण ‘अणुविजेला अनुदान’ म्हटले की सरकारने कंपनीच्या खात्यात रक्कम भरली असे वाटते, आणि लिहिणाऱ्याला बहुतेक वेळा तसे म्हणायचे नसते. वेगवेगळे शब्द वापरता येतील का? शिवाय ‘अर्थसहाय्य’ बरोबर की ‘अर्थसाहाय्य’?

प्रतिसाद १
‘सहाय’ म्हणजे मदतनीस. त्यावरून भाववाचक नाम ‘साहाय्य’, म्हणून ‘अर्थसाहाय्य’. ‘साह्य’ही चालते.

सबसिडी हा शब्द आपल्या इतिहासाला नवा नाही. तैनाती फौजेच्या खर्चापोटी संस्थानिकांनी द्यायच्या रकमेला कंपनी सरकार हेच नाव देत असे. १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनी त्यासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख तोडून दिला. म्हणजे मूळ शब्दात दान नाही, ठरलेल्या कामासाठी मोजलेला पैसा आहे. ‘अनुदाना’तल्या ‘दाना’मुळे उपकाराची छटा येते, ती आपली भर.

प्रतिसाद २
प्रत्यक्ष पैसा मिळतो तिथे ‘अनुदान’ योग्यच आहे. पण तो कधी आणि कोणाच्या हाती पडतो हे लिहिले नाही तर वाचणाऱ्याचे नुकसान होते.

प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये मिळतात. ३ किलोवॉटला ७८,०००. ५ किलोवॉट बसवले तरी ७८,०००च. पॅनेल ३ किलोवॉटचे आणि इन्व्हर्टर २ चा असेल तर कमी क्षमता धरतात, म्हणजे ६०,०००. पॅनेल देशी सेलचे नसतील तर काहीच नाही. ही रक्कम संच बसून, नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागून, तपासणी झाल्यावर ग्राहकाच्या बँक खात्यात येते. तोवर पुरवठादाराचे पूर्ण पैसे ग्राहकाला स्वतः किंवा कर्ज काढून उभे करावे लागतात. इथे ‘परतावा’ हा शब्द जास्त खरा आहे. जाहिरातीत ‘अनुदान वजा जाता किंमत’ छापतात, ग्राहक तेवढीच तजवीज करतो आणि ऐनवेळी ७८,००० कमी पडतात.

‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत उलट आहे. शेतकरी फक्त ‘लाभार्थी हिस्सा’ भरतो: १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. उरलेली रक्कम त्याच्या हातात येतच नाही. तिथे ‘वजावट’ शोभते.

प्रतिसाद ३
पैसा दिला जात नाही, फक्त घेतला जात नाही, अशा मदतीला ‘माफी’ किंवा ‘सूट’ म्हणावे. ३० जून २०२५ पर्यंत सुरू झालेल्या सौर आणि पवन प्रकल्पांना आंतरराज्य पारेषण शुल्क पूर्ण माफ आहे. पुढच्या प्रकल्पांना दरवर्षी २५ टक्क्यांच्या टप्प्याने ते लागू होत आहे. यात तिजोरीतून रुपयाही जात नाही, तारांचा खर्च इतर वापरकर्त्यांत वाटला जातो. म्हणून ‘शुल्कमाफी’.

कोळशाच्या बाबतीत ‘नियमातून सूट’ बघा. डिसेंबर २०१५ च्या अधिसूचनेने औष्णिक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडची मर्यादा घातली. ती पाळायला धुरातला गंधक काढणारी यंत्रणा लागते. मुदती वाढत गेल्या आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना त्यातून मोकळे केले. वाचलेला खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात ‘अनुदान’ म्हणून दिसत नाही, पण धूर खाणाऱ्या माणसाच्या फुफ्फुसात तो जमा होतोच.

अणुविजेसाठी ‘दायित्व-मर्यादा’, म्हणजे भरपाईच्या जबाबदारीला घातलेली कमाल मर्यादा. २०१० च्या कायद्यात अपघात झाल्यास चालकाचे दायित्व १,५०० कोटी रुपयांवर थांबत असे. त्यावरच्या नुकसानीचा विमा कंपनीला उतरवावा लागत नसे. अमेरिकेत अशी मर्यादा १९५७ पासून आहे. हाही आधारच, पण त्याला ‘अनुदान’ म्हटले की वाचक आकडा मागतो, आणि न घडलेल्या अपघाताचा आकडा कसा द्यायचा?

प्रतिसाद ४
‘हमीदर’ विसरू नका. ब्रिटनमधल्या हिंक्ले पॉइंट सी अणुप्रकल्पाला ३५ वर्षे मेगावॉट-तासाला ९२.५० पौंड (२०१२ च्या किमतीत) ठरवून दिले आहेत. बाजारभाव खाली गेला तर फरक वीजग्राहक भरतात, वर गेला तर कंपनी परत करते. समुद्रातल्या पवनचक्क्यांनाही तिथे हीच पद्धत आहे. शेतमालाच्या ‘हमीभावा’वरून मराठी वाचकाला निम्मे लगेच कळते. उरलेले निम्मे, म्हणजे जास्तीचा पैसा परत करणे, हमीभावात नसते. म्हणून पहिल्यांदा ‘दुतर्फा हमीदर’ लिहावे.

प्रतिसाद ५
‘अधिभार’ आणि ‘अनुदान’ यांत मला सर्वांत मोठा फरक वाटतो, कारण पैसे भरणारा बदलतो. जर्मनीत देशी दगडी कोळसा जगवायला १९७० च्या दशकापासून वीजबिलावर ‘कोळसा-फेनिग’ हा अधिभार घेत (फेनिग हे तिथले जुने सुटे नाणे). १९९४ मध्ये घटना न्यायालयाने तो अवैध ठरवला, मग तोच आधार सरकारी तिजोरीतून, म्हणजे अनुदान म्हणून, मिळू लागला. २०१८ च्या डिसेंबरात बोट्रॉपची शेवटची खाण बंद होईपर्यंत तो चालला. अक्षय ऊर्जेचा अधिभारही असाच बिलावर होता. १ जुलै २०२२ पासून तो शून्य झाला आणि खर्च तिजोरीवर गेला. दोन्ही वेळा मदत तीच राहिली. आधी वीजग्राहक देत होता, नंतर करदाता.

आपल्याकडे कोळशावर उपकर होता: २०१० मध्ये टनाला ५० रुपये, २०१६ पासून ४००. सप्टेंबर २०२५ मध्ये तो काढून कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के केला. याला ‘कोळशाला अनुदान’ म्हणणे चूक, हा करबदल आहे. टनामागे ठरावीक ४०० रुपयांचा उपकर कमी किमतीच्या, हलक्या कोळशाला जड जाई. टक्क्यांतला कर महागड्या कोळशाला जड जातो.

प्रतिसाद ६
आंतरराष्ट्रीय नाणेनिधी २०२२ साठी जीवाश्म इंधनांची सबसिडी ७ लाख कोटी डॉलर सांगतो, पण त्यातली प्रकट सबसिडी, म्हणजे पुरवठ्याच्या खर्चापेक्षा कमी घेतलेली किंमत, १.३ लाख कोटीच आहे. बाकी मुख्यतः प्रदूषण आणि तापमानवाढीच्या न आकारलेल्या किमतीची. वृत्तपत्रे तिला ‘छुपे अनुदान’ म्हणतात. ते टाळावे: ‘छुपे’मध्ये कोणीतरी लपवल्याचा आरोप येतो. ‘न आकारलेला खर्च’ लांब आहे, पण खरा आहे.

प्रश्नकर्ता
मग ‘कोळसा आणि अणुविजेला अक्षय ऊर्जेपेक्षा जास्त अनुदान मिळते’ या वाक्याचे काय करू?

प्रतिसाद ३
ते तोडा. ‘कोळशाला प्रदूषण-नियमांतून सूट आहे, अणुविजेला दायित्व-मर्यादा आहे, सौरविजेला अनुदान आणि शुल्कमाफी आहे.’ ‘जास्त’ लिहायचे असेल तर यांतले काय मोजले आणि कोणत्या वर्षाचे, ते त्याच वाक्यात घाला.