सगळ्या वणव्यांना एकच औषध कसे चालेल?

रानवाट: ‘ठिणगी दिसताच विझवा, जंगल आपोआप वाचेल’ असा लेख काल येथे आला आणि वाहवा मिळवून गेला, म्हणून हे सविस्तर उत्तर. ठिणगी पुष्कळदा माणसाचीच असते हे मान्य. परंतु ती पडल्यावर आग गुडघ्याएवढी राहणार की शेंड्यांवरून धावणार, हे पाचोळा किती साठला आणि किती वाळला, वारा कोणता आणि चढ किती, यांवर ठरते. अमेरिकेच्या वनसेवेने १९३५ साली दंडकच घातला होता, की वणव्याची वर्दी मिळाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजेपर्यंत तो आटोक्यात आलाच पाहिजे. पाँडेरोसा पाइनच्या ज्या रानांत पूर्वी दर काही वर्षांनी जमिनीलगतची आग पाचोळा आणि रोपटी साफ करून जात असे, तेथे त्यानंतर दाटी झाली आणि आगीला शेंड्यापर्यंत चढायला शिडी मिळाली. अशा एका झाडाचा तासलेला काप मी हातात घेऊन पाहिला आहे. वलयांत एका बाजूला राळेने भरलेल्या काळ्या खाचा होत्या आणि प्रत्येक खाचेवर झाडाने नवे लाकूड ओढून घेतले होते. बोटाने मोजत गेलो, तर आगीच्या या जखमा थोड्याथोड्या अंतरावर येत राहिल्या आणि नंतर थेट सालीपर्यंत एकही नव्हती. म्हणून म्हणतो, नुसते विझवत न बसता हवा पाहून मुद्दाम लहान आगी लावून पाचोळा जाळा.

पाणवठा: तुमचा काप खरा आहे, पण तो पाँडेरोसाचा आहे आणि तुम्ही त्यावरून सगळ्या रानांचा निकाल लावत आहात. लॉजपोल पाइनची कित्येक फळे राळेने बंद असतात आणि आगीच्या धगीनेच उघडतात. तेथे शंभराहून अधिक वर्षांनी येणारी, उभी झाडे मारणारी आग हाच मूळचा क्रम आहे. १९८८ साली अशाच रानांच्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे ३६ टक्के भाग आगीच्या पट्ट्यात आला तो मुख्यतः दुष्काळ आणि वाऱ्यामुळे, आणि सप्टेंबरातल्या पावसा-हिमानेच तिचा जोर मोडला. कॅलिफोर्नियातल्या चॅपरल झुडपांचे दुखणे तर उलटे आहे: आगी इतक्या लवकर परततात, की झुडपांना बी धरायला सवड मिळत नाही आणि त्यांची जागा परके गवत घेते. तेथे ‘मुद्दाम जाळा’ म्हणणे घातक आहे.

उंबरठा: मुद्दाम जाळणाऱ्यांनी आधी धुराचे बोलावे. आमच्या वस्तीजवळ अशी जाळणी झाली, तेव्हा आम्हाला आदल्या रात्रीपर्यंत कोणी कळवले नाही. दम्याने बेजार झालेल्या आईच्या खोलीच्या फटींत मी ओले पंचे कोंबत होतो आणि पहाटे ते राखाडी झाले होते. तुमच्या वलयांत ही रात्र कोठे दिसते?

रानवाट: न कळवणे हा अक्षम्य अपराध आहे, त्यासाठी जाळणीलाच दोषी ठरवू नका. हवा, आर्द्रता पाहून लहान तुकड्यांत जाळले, तर धूर काही तासांचा असतो. मोठ्या वणव्याचा धूर आठवडेच्या आठवडे हटत नाही.

उंबरठा: ‘हवा पाहून’ हे शब्द मला ऐकवू नका. मे २००० मध्ये अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत राष्ट्रीय उद्यान प्रशासनाने स्वतः लावलेली आग वाऱ्याने हाताबाहेर गेली आणि लॉस अलामॉस गावात शेकडो कुटुंबांची घरे जळाली. चुकणारा कार्यालयात बसतो आणि भोगणारा दाराशी उभा असतो.

रानवाट: ती घटना मी नाकारत नाही. वसंतातला वारा ओळखण्यात तेथे गंभीर चूक झाली. तरीही न जाळण्याचीही किंमत असते आणि ती देखील दाराशी उभ्या माणसालाच मोजावी लागते, एवढे तरी मान्य करा.

उंबरठा: मान्य करतो, पण नाइलाजाने. वर्दी आठवडाभर आधी आणि आजाऱ्यांना हलवण्याची सोय, या दोन गोष्टींशिवाय मी संमती देणार नाही.

मूळ लेखिका: शीर्षकातला ‘आपोआप’ हा शब्द मी मागे घेते. पाँडेरोसाच्या रानापुरते रानवाट यांचे म्हणणे मला पटले. मात्र चॅपरलबाबत पाणवठा यांनी जे लिहिले त्यानंतर तेथे ठिणगी दिसताच विझवण्याचा माझा आग्रह अधिकच पक्का झाला आहे, आणि त्यावर रानवाट यांनी अद्याप उत्तर दिलेले नाही.