अनुभव धागा: डोकं थकलं, तेव्हा थेरपीत नेमकं काय झालं?

पाटीपेन्सिल:
पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी गाइडना एक मेल पाठवायला मला अकरा दिवस लागले. "सर, प्रकरण दोन जोडलंय," एवढंच लिहायचं होतं. घरचे म्हणाले आळस. मलाही तेच वाटत होतं. समुपदेशक ताईंनी विचारलं, "सुरुवात होत नाही, की मध्येच लक्ष उडतं, की एका कामातून दुसऱ्यात शिरता येत नाही?" ही तीन वेगळी दुखणी असतात हे तेव्हा कळलं. माझं पहिलं होतं. सीबीटीत (विचार आणि वागणं तपासून बदलायची थेरपी) वहीत दोन रकाने पाडले: डावीकडे भाकीत, उजवीकडे प्रत्यक्षात काय झालं. डावीकडे लिहिलं, "सर झापणार." उजवीकडे सरांचं उत्तर: "ओके, सोमवारी या." ती वही अजून आहे.
तुमचं सांगा. फसलेलंही चालेल. गोळ्यांचे डोस मात्र इथे नकोत.

काजवा:
इंजिनिअरिंग, तीन केटी (म्हणजे राहिलेले विषय). माझी थेरपी आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ, टोकाचे हट्टी विचार तपासणारी. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास सुरू केलेली. सरांनी माझ्या पानावरच्या प्रत्येक ‘च’भोवती लाल गोल काढला. "सगळे विषय सुटलेच पाहिजेत", "नाही सुटले तर मी संपलोच". एका पानात एकोणीस! मग म्हणाले, "सुटले तर बरं, असं लिहून बघ." चिडलो, फारच मिळमिळीत वाटलं. पण त्याच आठवड्यात एम-थ्रीचं (गणिताचा तिसरा पेपर) पुस्तक उघडलं. डोक्यातला आरडाओरडा थांबल्यावर गणिताच्या पायऱ्या लक्षात राहायला जागा झाली असावी.

उंबरठा:
माइंडफुलनेस, म्हणजे लक्ष आत्ताच्या क्षणावर ठेवणं, माझ्यावर फसलं. डोळे मिटले की समोर व्हायवाचे (तोंडी परीक्षेचे) बाहेरून आलेले परीक्षक. भांडी घासताना लक्ष हातावर ठेवणं तेवढं जमलं.

बोडनकाठ:
मी जर्मनीत, कॉन्स्टान्सला मास्टर्स करतोय. ‘जर-तर’ योजनेवरचं बरंच काम मानसशास्त्रज्ञ पेटर गोलविट्सर यांनी इथल्याच विद्यापीठात केलंय, हे समुपदेशनात कळलं. आपल्याकडे जर-तरची भाषा म्हणजे टाळाटाळ, इथे उलटं. "जर मेन्सातून (विद्यापीठाची खानावळ) बाहेर पडलो, तर थेट लायब्ररीत जाऊन फक्त फाइल उघडायची." ‘आज अभ्यास करेन’ यात रोज नव्याने ठरवावं लागायचं, ते टळलं. रविवारी मेन्सा बंद, तर योजनाही बंद! मग रविवारसाठी वेगळा ‘जर’ शोधला: कॉफीचं भांडं गॅसवरून उतरवलं की.

शिळीभाकर:
सहा सत्रं केली. कामांची यादी लावायला शिकले, खरंच. पण एकाच आठवड्यात पाच जर्नलं मागणाऱ्या कॉलेजला कोण शिकवणार? सगळं आमच्याच डोक्यात दुरुस्त करायचं का? पुढे फी झेपेना. सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता टेली-मानसला (सरकारची मोफत मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६) फोन लावला. मराठीत बोलता आलं. सगळं ऐकून घेऊन पलीकडच्या ताईंनी विचारलं, "जेवलीस का?"
नव्हते जेवले.