मदत हवी आहे : आईचा जबडा दुखतो, ईसीजी नॉर्मल, पण शंका जात नाही

नमस्कार मंडळी. आई अठ्ठावन्न वर्षांची, मधुमेह जुना. हल्ली जिना चढला की तिचा खालचा जबडा आणि पाठीत दोन खांद्यांच्या मधे दुखतं, दरदरून घाम येतो, मळमळतं. थांबली की चार-पाच मिनिटांत उतरतं. छातीत मात्र काहीच नाही, म्हणून ती म्हणते, "पित्त आहे गं, कोकम सरबत घेते." दात तपासून झाले, ठणठणीत आहेत. नेहमीच्या डॉक्टरांनी ईसीजी काढला, नॉर्मल आला, आणि "टेन्शन घेऊ नका" म्हणून बोळवण केली.

पण त्रास नसताना काढलेला ईसीजी अंजायना (हृदयाला रक्त कमी पडल्याने होणारं दुखणं) असूनही नॉर्मल येऊ शकतो. मधुमेहात मज्जातंतूंवर परिणाम झाला की छातीतली कळ कधीकधी जाणवतही नाही. आणि श्रमाने येणारं, थांबलं की जाणारं पित्त मी तरी ऐकलेलं नाही!

उद्याची हृदयरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. बसल्या जागी दुखलं तर थेट १०८, हेही घरात ठरलंय. तर अनुभवी लोकांनी सांगा : गुडघ्यांमुळे तिला ट्रेडमिलवर चालणं जमणार नाही, अशा कुणाची औषध देऊन स्ट्रेस इको (हृदयावर ताण आणून केलेली त्याची सोनोग्राफी) झाली आहे का? की थेट सीटी अँजिओ (हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन) सुचवली? मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्या निघूनही बारीक रक्तवाहिन्यांचा अंजायना कुणाला निघाला का, आणि तो कसा कळला? शिवाय आई डॉक्टरांसमोर "तसं काही नाही हो" म्हणते, तिला बोलतं कसं करायचं?